सासूबाईंच्या स्टीलच्या तारा

आमच्या सासूबाई एका जागी गप्प बसल्या तर समजावं, काहीतरी बिघडलंय. जेवायला बसल्या तरी टेबलाखाली त्यांचा एक पाय हलत असतो. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासरे शिवत बसतात. ते शिंपी. दुकान बंद केलं, पण हात काही बंद झाले नाहीत. अजून लोकांच्या पँटी आखूड करून देतात, झिपा बदलून देतात. त्यांचं दिवसभराचं पालुपद एकच, "अगं, पाय हलवू नको. टेबल हलतं, टाका चुकतो." आणि सासूबाईंचं उत्तरही ठरलेलं, "टाका चुकतो तो डोळ्यांमुळे. माझ्या पायाला कशाला बोल लावता?"

मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाई मुद्दाम करते. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि ओरडायचं, ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक म्हणजे तो नव्हे. घरी आल्यावर मला शांतता हवी असते. आणि घरात काय? पंखा पाचावर, रेडिओ नुसता खरखरतोय, मिक्सर रिकामाच फिरतोय आणि सासूबाई या खोलीतून त्या खोलीत. एकदा मी तडकलेच. म्हटलं, "आई, वीज काय फुकट येते का?" त्या म्हणाल्या, "शिट्टी वाजते गं कानात. घर शांत झालं की फार वाजते." बंद करायला गेलेला रेडिओ मी तसाच राहू दिला.

त्या पंख्याच्या कारखान्यात होत्या. तयार झालेली मोटार फिरवायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. आत बेअरिंग जरा जरी खरखरलं तरी तो आवाज लोखंडातून हाडात येतो. आला की खडूनं फुली आणि एक शब्द, "नापास." सगळ्या शेडमध्ये त्यांना 'कान' म्हणत. त्या शेडच्या गोंगाटानं त्यांचे कान खाल्ले आणि बदल्यात ही शिट्टी दिली. डॉक्टर म्हणाले, उरलंय ते सांभाळा, पण ते किती टिकेल ते मी सांगू शकत नाही. कानात घालायला यंत्र मिळालं. त्यातून आवाज यायचा, शब्द कमी. माझं बोलणं तेवढं त्यांना कळायचं, कारण मी धंद्यानंच आरडाओरडीची.

त्या यंत्राच्या बॅटऱ्या आणायला गेलो होतो, तिथूनच हे सगळं सुरू झालं. शेजारी वाद्यांचं दुकान. दारातच दुकानदार हेडफोन लावून काहीतरी छोटं वाद्य छेडत बसला होता आणि आम्हाला त्यातलं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. सासूबाई थेट पुढ्यात जाऊन उभ्या. "आवाज कुठं जातोय?" त्यानं हसून हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि तार छेडली. त्या हलल्या नाहीत. मी त्यांना हलताना इतकी वर्षं बघतेय, त्यामुळे मला भीतीच वाटली. मग त्या म्हणाल्या, आणि जोरात म्हणाल्या, कारण स्वतःचा आवाज त्यांना कळत नव्हता, "शिट्टी मागं सरली."

त्या वाद्याला युकुलेले म्हणतात. गिटारच्या धाकट्या बहिणीसारखं, चार तारांचं. साधं असतं ते पोकळ, नायलॉनच्या तारांचं. हे मात्र भरीव फळीचं, विजेचं, स्टीलच्या तारांचं. तारांखाली एक छोटी डबी असते, पिकअप म्हणतात. सासूबाईंनी केसांतली पिन काढून त्या डबीजवळ नेली, तर ती टक् करून चिकटली. "हे तर आमचंच की," त्या मला म्हणाल्या, "खाली चुंबक, भोवती तांब्याची तार. वर लोखंड हललं की वीज होते. मोटार उलटी केलीय नुसती."

आता घ्यायचं कुठलं? भारीतलं घ्यायचं नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. "उद्या कान गेले तर पाटा म्हणून वापरायचंय का?" स्वस्तात तीन होती. लाल चकचकीत होतं ते मला आवडलं. सासूबाईंनी त्याची मान डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखी पाहिली. "पीळ पडलाय. नापास." दुसऱ्याच्या खुंट्या तार लावेपर्यंत सैल होत होत्या. नापास. तिसरं विटकरी, अगदी गरीब दिसणारं. त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला (तो अजून बरोबर असतो, चष्म्यासारखा), टोक फळीवर, मूठ हाडाला, आणि प्रत्येक तार मानेवरच्या प्रत्येक आडव्या पट्टीवर दाबून दाबून ऐकली. दुकानदार दोनदा जांभई देऊन आला. शेवटी त्या म्हणाल्या, "हे गरीब आहे, पण सरळ आहे. याला सुधारता येईल." त्याच्यासोबत काडेपेटीपेक्षा थोडा मोठा ॲम्प्लिफायर घेतला, हेडफोन लावायचा.

घरी जेवणाचं टेबल म्हणजे शेड झालं. पट्ट्यांची टोकं बोटाला लागत होती, ती बारीक पॉलिश पेपरनं घासली. तार मोकळी छेडायची, मग बरोबर मध्यावर दाबून छेडायची. दोन्ही सूर जुळले नाहीत तर तार जिथं टेकते तो छोटा लोखंडी ठोकळा स्क्रू फिरवून मागं सरकवायचा. पण खरी मारामारी झाली ती उंचीवरून. तारा पट्ट्यांच्या जवळ ठेवल्या तर दाबायला हलक्या, पण मग कुठंतरी खर्र होतं. उंच ठेवल्या तर स्वच्छ, पण बोटं कापतात. सासूबाई आयुष्यभर खर्र ऐकून फुल्या मारत आलेल्या. त्या कसल्या खर्र सोडतात? त्यांनी तारा उंच ठेवल्या.

आणि मग वाजवत सुटल्या. सकाळी, दुपारी, भाजी शिजेपर्यंत. आम्हाला काय ऐकू येणार, नुसतं टिंगटिंग. पण पंखा बंद झाला, मिक्सर बंद झाला. फक्त पाय हलायचा, आणि आता तालात हलायचा. सासरे सुई ओवता ओवता म्हणाले, "कानामागून आली आणि तिखट झाली." मी विचारलं कोण, तर हनुवटीनं युकुलेले दाखवलं. हसले, पण त्यांची नजर सासूबाईंच्या बोटांवर होती. डाव्या हाताच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. सासूबाई त्यावर चिकटपट्टी लावायच्या, आणि दाबलेला सूर नीट येईना म्हणून उपटून टाकायच्या.

सासऱ्यांना हे बघवेना. त्यात ते शिंपी. त्यांच्या लेखी तार काय आणि दोरा काय, जाड वाटला की बदलायचा. सासूबाई बहिणीकडे गेल्या होत्या त्या दिवशी ते त्याच दुकानात जाऊन म्हणाले, युकुलेलेच्या मऊ तारा द्या. दुकानातल्यानं मऊ तारा दिल्या. त्यानं का विचारावं, कुठल्या युकुलेलेला? स्टीलच्या तारेच्या टोकाला अडकायला एक छोटा मणी असतो, या तारांना तो नव्हता. पण गाठ मारायला शिंप्याला कोण शिकवणार? त्यांनी बटणांच्या डब्यातून शर्टाची चार बारीक पांढरी बटणं काढली, एकेका तारेला एकेक बटण बांधलं आणि अडकवून दिलं. काम इतकं देखणं झालं होतं की मी स्वतः वा म्हटलं. हो, मीसुद्धा तिथंच होते. पिन चिकटलेली मी बघितली होती, आणि माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

सासूबाई आल्या. बटणं बघून हसल्या, तारेवरून बोट फिरवलं, सासऱ्यांना म्हणाल्या, "लोण्यासारख्या आहेत हो." कानातलं यंत्र काढून ठेवलं, हेडफोन चढवला आणि आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या आणि युकुलेले कपाटावर ठेवून दिलं.

"का हो आई?"

"हात भरून आलेत."

आणि त्या बसल्या. खुर्चीत, हात मांडीवर. दुसऱ्या दिवशीही बसल्या. कानातलं यंत्रसुद्धा घातलं नाही. पंखा लावला नाही, रेडिओ लावला नाही. पाय हलत नव्हता. टेबल इतकं स्थिर मी कधी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांना आधी वाटलं, बरं झालं, बोटांना आराम. मग तेही मध्येच सुई थांबवून त्यांच्याकडे बघायला लागले. मला म्हणाले, "माझ्या तारा आवडल्या नसतील तिला." त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. आता अस्वस्थ कोण, तर आम्ही दोघं. तिसऱ्या दिवशी मी एका बिचाऱ्या शिकाऊ माणसावर विनाकारण खेकसले, आणि घरी आले ती चप्पल न काढता सरळ सासूबाईंच्या समोर जाऊन बसले.

"आई, काय झालंय ते सांगा. नाहीतर मी मिक्सर लावते."

माझ्या ओठांकडे बघून त्यांना कळलं असावं. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "कान गेले गं. परवा लावून बघितलं. आवाज पुरता वाढवला. शिट्टी तेवढी आहे, बाकी काही नाही. यांना सांगू नको. यांनी हौसेनं तारा बसवल्यात."

रडू आलं असतं, पण मला रडू यायच्या आधी राग येतो. मी कपाटावरून ते युकुलेले खाली ओढलं, हेडफोन स्वतःच्या कानांवर घातला, आवाज पुरता वाढवलेलाच होता, आणि सगळ्या तारा एकदम खसकन ओढल्या. काय ऐकायचं होतं मला, देव जाणे.

मला काही ऐकू आलं नाही.

पुन्हा ओढल्या. काही नाही. माझा चेहरा कसा झाला असेल मला माहीत नाही, पण सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि खराब मोटारीकडे त्या ज्या नजरेनं बघायच्या ना, ती नजर हळूहळू त्यांच्या डोळ्यांत आली. त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावरून काढून आपल्या कानांना लावला. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. तारांमधून खाली घालून त्याचं टोक त्या डबीवर टेकवलं. मला बाहेर काहीच ऐकू आलं नाही. पण सासूबाईंची मान दचकून मागं गेली.

"आला," त्या म्हणाल्या. पुन्हा टोक टेकवलं. "टक् आला. चुंबक चालू, कान चालू." मग एक तार दोन बोटांत धरून त्यांनी बघितली. "मेलीय ती ही. नायलॉन. चुंबकाला नायलॉन काय कळणार? लोखंड लागतं त्याला." आणि कपाळाला हात लावला. "सगळ्या कारखान्याच्या मोटारी तपासल्या मी. आणि इथं तपासायच्या आधीच नापास करून मोकळी. मला आधीपासून वाटतच होतं ना, जाणार म्हणून. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय."

दारात सासरे उभे होते. किती वेळ, कोण जाणे. हातात टेप तशीच. त्यांना सगळं कळलंय, हे त्यांच्या तोंडावरूनच दिसत होतं. "मी केलं हे," ते म्हणाले. सासूबाईंना ऐकू आलं नाही, म्हणून जवळ येऊन, माझ्यासारखं मोठ्यानं म्हणाले, "मी केलं हे. शिकत होतो तेव्हा माझीही बोटं अशीच फुटायची. वस्ताद म्हणायचा, कातडं मेलं की दुखायचं थांबेल. मला कुणी मऊ दोरा दिला नाही. म्हटलं, तुला तरी द्यावा."

सासूबाईंनी त्यांचा हात ओढून घेतला आणि त्यांच्या बोटावरचा तो जुना, सुईनं झालेला टणक घट्टा आपल्या चिरलेल्या बोटानं चाचपला. बराच वेळ चाचपला. मग म्हणाल्या, "स्टीलच्या फेकल्या नाहीत ना?"

फेकतात कसल्या? बॉबिनच्या डब्यात, नीट गुंडाळून, रिबिनीनं बांधून ठेवल्या होत्या.

आम्ही तिघांनी मिळून त्या पुन्हा चढवल्या. सासूबाईंनी सूर जुळवले. एक तार वाजवली, थांबल्या, सासऱ्यांच्या बोटाकडे बघितलं, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन चारही ठोकळ्यांचे उंचीचे स्क्रू थोडे खाली उतरवले. तारा पट्ट्यांच्या जवळ आल्या. छेडून बघितलं. वरच्या तारेला खर्र झालं, बाहेर मलासुद्धा ऐकू आलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पास."

कान जायचे तेव्हा जातील. डॉक्टर अजूनही काही सांगत नाहीत. कधीकधी त्या हेडफोन काढून ठेवतात, स्क्रूड्रायव्हरची मूठ हाडाला लावतात आणि सासऱ्यांना म्हणतात, तुम्ही छेडा, मला सवय करून ठेवू दे. सासरे अंगुस्तान घातलेल्या बोटानं एकच तार छेडत राहतात. बटणं चारही त्यांनी परत डब्यात टाकली; एक माझ्या कुडत्याला लागलंय.

स्टीलच्या तारा पुन्हा चढवल्या त्या संध्याकाळी सासरे टेबलाच्या त्यांच्या टोकाला शिवायला बसले, सासूबाई त्यांच्या टोकाला हेडफोन लावून. मी भाजी निवडत होते. थोड्या वेळानं टेबल हलायला लागलं. आधी बारीक, मग चांगलंच. सासऱ्यांचा टाका चुकला. त्यांनी तो उसवला, दोरा दातानं तोडला, आणि पायाला बोल न लावता टाका पुन्हा घातला.