आत हात घाल

"वरून काय बघतोस? आत हात घाल."

वहिनींचं हे वाक्य मी शारजातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरीच्या पहिल्याच दिवशी ऐकलं. त्या गुडघ्यांवर बसल्या होत्या, उजवा हात खांद्यापर्यंत एका यंत्राच्या पोटात आणि डोळे मिटलेले. अडलेल्या गाईपाशी बसलेला गुरांचा डॉक्टर तुम्ही पाहिला असेल, तर तोच थाट.

ते यंत्र होतं स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी. शारजात बर्फ कुठला, असं तुम्ही विचाराल. बर्फ नव्हताच. पण नव्वदच्या दशकात मध्य आशियातले व्यापारी तिथे झुंडीनं यायचे आणि आमचे साहेब, म्हणजे वहिनींचे यजमान, वापरलेली यंत्रं मागवून, दुरुस्त करून त्यांना विकायचे. साहेब बोलायचे, वहिनी यंत्रं दुरुस्त करून घ्यायच्या. कोल्हापूरला वडिलांच्या कारखान्यात त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. बर्फ त्यांनी फ्रीजरमध्ये पाहिला होता, तेवढाच.

हात घालायची ही सवय घरीही सुटत नसे. सोफा घ्यायला गेल्या की आधी तो उलटा. कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या तरी ओट्याखालच्या नळाला हात लागायचाच. एकदा सुपरमार्केटात त्यांनी मांडून ठेवलेल्या फ्रीजच्या मागे हात घातला, तेव्हा त्यांचा मुलगा कळवळून म्हणाला, "मम्मा, प्लीज, नॉट हिअर!" वहिनी म्हणाल्या, "हिअर नाही तर कुठे? घरी नेल्यावर?"

पण मला सांगायची आहे ती त्या शुक्रवारची गोष्ट. आज इतक्या वर्षांनीही ती आठवली की माझं डोकं तापतं.

किर्गिझस्तानातल्या एका डोंगरी गावचा डॉक्टर स्नोमोबाइल घ्यायला आला होता. हिवाळ्यात वाड्यावस्त्यांवरून पेशंट आणायला त्याला गोठलेल्या नदीवरून जावं लागे. गुळगुळीत बर्फावर गाडीचा रबरी पट्टा घसरतो, म्हणून त्यात पोलादी खिळे बसवतात. पट्टा फिरतो तो एका ॲल्युमिनियमच्या बोगद्यात. बोगद्यावर बसायची सीट आणि छताला आतून इंजिन थंड ठेवणारी पाण्याची नळी. वेगात पट्टा उसळला की खिळे त्या छताला घासतात. नळी फाटते, पाणी जातं, इंजिन जाम होतं. म्हणून नळीच्या दोन्ही बाजूंनी तिच्याहून खाली उतरणाऱ्या पोलादी पट्ट्या मारतात, म्हणजे खिळा घासला तरी पट्टीला घासतो. बाहेरून यातलं काहीही दिसत नाही.

वहिनींनी डॉक्टरला पोहे दिले आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "नदीवर गाडी बंद पडली तर?"

तो तितक्याच मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मी चालत जाईन. पेशंट चालणार नाही."

हे उत्तर वहिनींच्या मनात रुतून बसलं. पट्ट्या साहेबांनी मागवायच्या होत्या. त्यांनी मागवल्याच नाहीत, आणि हे कळलं शुक्रवारी सकाळी, कंटेनर दारात उभा असताना. "ते लोक तिकडे लावून घेतील ग. आत कोण बघतंय?" साहेब म्हणाले आणि ड्रायव्हरला "यल्ला, यल्ला", म्हणजे चल, आटप, करत आत चहाला गेले. इतक्या सहज.

गाडी कंटेनरमध्ये चढवलेली होती, तिच्या मागोमाग वहिनीही चढल्या आणि सीटवर बसल्या. पदर खोचलेला, मांडीवर पर्स.

ऑगस्टचे दिवस. शारजाच्या उन्हात पत्र्याचा कंटेनर म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्याला सांगायला नको. ड्रायव्हर गयावया करायला लागला, "मॅडम, उतरो ना. पोर्ट का टाइम खलास हो जाएगा."

"करो ना भाईसाब दरवाजा बंद. मैं भी जाती हूँ किर्गिझस्तान."

साहेब आले, हसले, मग चिडले, मग पुन्हा हसले. "लोक बघतायत," म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "बघू देत. वरून बघायला सगळ्यांना आवडतं."

पट्ट्या आणायच्या कुठून? शुक्रवार म्हणजे तिथली सुट्टी, सकाळी सगळी दुकानं बंद. वहिनींनी पर्समधून घराची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "स्वयंपाकघरातली मांडणी काढून आण. भांडी खाली ठेव, डबे सांडू नकोस."

ती मांडणी त्यांच्या माहेरची. जाड पोलादाची, वडिलांनी स्वतःच्या कारखान्यात बनवून मुलीला दिलेली, जहाजानं इथवर आलेली. मी ती भिंतीवरून उतरवली तेव्हा मागे चार भोकं आणि रंगाचा एक उजळ चौकोन राहिला. वर्कशॉपमध्ये फिटरनं ती कापायला घेतली, आणि वहिनींनी मात्र तिकडे बघितलं नाही. पट्ट्या पन्हळीसारख्या वाकवून झाल्या तशा त्या सीटवरून उतरल्या आणि पुन्हा खांद्यापर्यंत हात आत. "रिव्हेटचं गुळगुळीत डोकं रबरी पट्ट्याच्या बाजूला ठेव. आणि नळीपासून लांब मार, नाहीतर खिळ्यानं करायचं ते काम आपणच करून ठेवू." घामानं त्यांचं पोलकं पाठीला चिकटलं होतं. कंटेनर वेळेत गेला.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर परत आला, सुके जर्दाळू घेऊन. पट्ट्यांवर खिळ्यांचे ओरखडेच ओरखडे आहेत आणि नळी शाबूत आहे, असं त्यानं सांगितलं. सांगितलं कुणाला? साहेबांना. साहेबांनी छाती फुगवून जर्दाळू घेतले.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण त्याच वर्षी तिथल्या आपल्या मराठी मंडळानं यशस्वी उद्योजक म्हणून साहेबांचा सत्कार केला. शाल पांघरून साहेब म्हणाले, "आमचं तत्त्व एकच. वरून बघू नका, आत हात घाला." टाळ्या. मग म्हणाले, "माझ्या मिसेसनी घर सांभाळलं, म्हणून मी हे करू शकलो." पुन्हा टाळ्या. ज्या घरातली भांडी अजून जमिनीवर, खोक्यात होती, ते घर! वहिनी तिसऱ्या रांगेत बसून आपल्या खुर्चीखालचा सैल स्क्रू बोटानं आवळत होत्या.

परतताना मी विचारलं, "वहिनी, तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की. पण नळी फुटली का? नाही ना. मग झालं."

माझं झालं नाही. अजूनही झालेलं नाही.

नवं शतक लागलं तसं वहिनींचं पोट दुखायला लागलं. "ॲसिडिटी असेल," साहेब म्हणायचे. वहिनी ओवा चावत कामाला यायच्या. सगळ्या जगाच्या पोटात हात घालणारी ही बाई, पण तिचं कुठे दुखतंय म्हणून नीट विचारणारा आमच्यात एकही निघाला नाही. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

शोकसभेत साहेब रडले. खरंच रडले, ते मी नाकारत नाही. डोळे पुसत म्हणाले, "वरून तर अगदी ठणठणीत दिसायची हो."

लोकांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर आलो, कारण तिथे थांबलो असतो तर काहीतरी बोलून गेलो असतो.

पुढच्याच महिन्यात आणखी एक स्नोमोबाइल निघाली. मी वाकून आत हात घातला. पट्ट्याला खिळे होते, छताला काही नव्हतं. संरक्षक पट्ट्या टेबलाखाली खोक्यात तशाच पडलेल्या. "ते तिकडे लावून घेतील," साहेब ऑफिसातून ओरडले.

गाडी कंटेनरमध्ये चढवली तसा मीही चढलो आणि तिच्या सीटवर बसलो. ड्रायव्हर दाराशी येऊन बघत राहिला. थोड्या वेळानं साहेबही आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सीटकडे पाहिलं, आणि फिटरला बोलवायला गेले.

फिटर येईपर्यंत मी तिथेच बसून होतो. पत्रा तापला होता, श्वास घेववत नव्हता. त्या शुक्रवारी वहिनी कसल्या उकाड्यात बसल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.