शुक्र उगवायच्या आधी

आमच्या गावात काय शिजतंय ते आधी माझ्या गिरणीत कळतं. मी कडूबाई, पिठाची गिरणी चालवते. कुणाकडे बारसं, कुणाकडे दहावा, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं मी दळणाच्या डब्यावरून ओळखते. गाव पाथर्डी तालुक्यातलं. दिवाळी झाली की अर्धी घरं ऊसतोडीला जातात आणि गिरणी गप्प पडते. त्या उन्हाळ्यात अजिनाथची मोनिका डबा घेऊन आली की मला उगीच धास्ती वाटायची. ती उगीच नव्हती, म्हणून हे सांगते.

मोनिका तेव्हा चौदाची, नुकतीच दहावीत गेलेली. अंगाने काटकुळी, पण बोलायला लागली की थांबत नसे. एका वर्षी आईबापाबरोबर जुन्नरकडे तोडीला जाताना ट्रॉलीतून तिने नारायणगावाजवळच्या दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या पाहिल्या. त्या आकाशाचं बोलणं ऐकतात असं मास्तरांनी सांगितलं आणि तेव्हापासून तिला खगोलशास्त्रज्ञ व्हायचं होतं. गिरणीतल्या बायकांना तो शब्द धड उच्चारता येत नसे. त्या म्हणायच्या, "मोने, आधी भाकर तरी चंद्रासारखी गोल कर." ती म्हणायची, "चंद्र तरी कुठं रोज गोल आसतो, मावशे?"

त्या वर्षी तोड बेलापूरकडे होती. तिथे पहाटे चुलीपाशी बसल्या बसल्या तिला शुक्र दिसला आणि मग ती रोज पाहत राहिली. तो दर आठवड्याला खाली सरकत होता. परत आल्यावर मला म्हणाली, "काकू, शुक्र सूर्याच्या मागनं चाललाय. आता लई दिवस दिसायचा न्हाई. आषाढ लागला की संध्याकाळी मावळतीला, शाळंच्या टाकीवर निघल बघा."

मी म्हटलं, "आमी त्याला अस्त म्हनतो. त्यात लग्नं बंद."

हे तिला ठाऊक नव्हतं. डबा तसाच कमरेवर धरून ती उभी राहिली. मग हळूच विचारलं, "समद्यांचीच?"

म्हणजे बायका कुजबुजत होत्या ते खरं होतं, तिच्या घरी पाहुणे येऊन गेले होते. तोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाला एकटा गडी नको असतो, जोडी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्या पाहुण्यांच्या पोराला बायको हवी होती ती दिवाळीच्या आत. किती शिकलीस, हे त्यांनी मोनिकाला विचारलं नाही. उसाची मोळी एकटीने डोक्यावर घेतेस का, एवढंच विचारलं. अजिनाथ म्हणाला, "घेती की."

तिची आई सविता वाईट बाई नाही. मी भांडायला गेले तेव्हा ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सा म्हैने आमी फडात. पोर हितं कुनाच्या भरवशावर ठिवू? संगं न्यावी तर तिथं ऱ्हायच्या पाचटाच्या कोपीला दार न्हाई."

"माझ्याकडं ठिव," मी म्हटलं.

"वयात आलेली पोर लोकाच्या घरी ठिवली, तर तिला पुन्यांदा कोन इचारल?"

मला राग आला. मी तशीच उठून आले.

मोनिकाला मात्र हुरूप आला होता. अस्त संपेपर्यंत लग्न नाही. तो संपला की आषाढ, पाठोपाठ चातुर्मास, मग तोडीची वेळ. म्हणजे हे वर्ष टळलं, दहावी हातात आली. अस्त आणि चातुर्मास यांच्या मधले थोडे दिवस तेवढे मोकळे राहत होते, त्यांची तिला भीती होती. "तेवढे दिस ढग आले पायजेत, काकू," ती म्हणायची. आभाळाचं एवढं वेड असलेली पोर शुक्र दिसू नये म्हणून देवाला हात जोडत होती. मला ते बघवत नसे.

ज्येष्ठात एका दुपारी ती गाठोडं घेऊन आली. "आईनं हळद दळाया दिलीय. घरच्याला लागती."

मी गाठ सोडली. नवं कोरं फडकं, आत निवडून घेतलेली हळकुंडं. घरची वर्षाची हळद सविताने चैत्रातच मिरचीबरोबर दळून नेली होती, माझ्याच गिरणीतून. मी बटण दाबलं नाही.

"मोने, तुजं लगीन ठरलंय."

ती चक्क हसली. "अजून शुक्र कुठं उगवलाय? पंचांगात हाय, काकू. म्या सोता वाचलंय."

आता काय सांगणार? त्याच पंचांगात पुढे काढीव मुहूर्त असतात, ज्यांना थांबायचं नसतं त्यांच्यासाठी अस्तातूनच शोधून दिलेले. सांगावं तर लागणारच होतं. सांगितलं. तिच्या तोंडावरचं हसू जायला थोडा वेळ लागला.

"मंग अस्त पाळत्यात कशाला?" ती म्हणाली.

हळद मी दळली नाही. पट्टा तुटलाय म्हणून गाठोडं परत पाठवलं आणि बालविवाह थांबवणाऱ्या हेल्पलाइनला फोन लावला. दुसऱ्या दिवशी सरकारी साहेबांची गाडी आली. पोर अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही असं अजिनाथने लिहून दिलं, साहेबांना चहा पाजला, गाडी गेली. गल्ली माझ्याशी बोलेनाशी झाली. मला त्याचं काही वाटलं नाही, पोर संध्याकाळी ओट्यावर दिसत होती. मग एका संध्याकाळी ती दिसली नाही. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, देवाला गेलेत. गल्लीतली पोरं मात्र सांगत होती की टेम्पोत पत्र्याची नवी पेटी होती. देवाला पेटी कोण नेतं? मी पुन्हा फोन केला. पलीकडून विचारलं, लग्न कुठल्या गावात आहे? ते मला माहीत नव्हतं.

आठवड्याने अजिनाथ आणि सविता परत आले, दोघंच.

आषाढ लागला. एका संध्याकाळी पावसाने उघडीप दिली आणि मी गिरणी बंद करून बाहेर आले. जन्मात कधी मान वर करून चांदणी शोधली नव्हती, त्या दिवशी शोधली. शाळेच्या टाकीवर, मोनिकाने सांगितलं होतं तिथंच, शुक्र निघाला होता. मला त्याचा इतका राग आला की मी आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सविता दळण घेऊन आली. पीठ भरून झाल्यावर डबा उचलता उचलता ती म्हणाली, "मोनीचा फोन आल्ता. बरी हाय. दिवाळीनंतर दोघं तोडीला निघत्याल." मग थांबून म्हणाली, "तुमाला इचाराया सांगितलंय. तो शुक्र उगवला का?"

"तिला दिसत न्हाई व्हय तिकडं?"

"नवी नवरी हाय. दिस बुडाल्यावर दारात उबी ऱ्हाऊ देत न्हाईत."

डब्याचं झाकण मी पुन्हा एकदा दाबून बसवलं.

"उगवला म्हनावं," मी म्हटलं. "ती म्हनली हुती तिथंच."

"सांगते," सविता म्हणाली आणि डबा डोक्यावर घेऊन निघाली.