तिच्या पिशवीवरचं शिताके

नागपुरात उगवलेलं पहिलं शिताके मशरूम मी पाहिलं, ते दुसऱ्या एका मुलीच्या पिशवीवर.

डिसेंबरातली सकाळ होती. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत ती उकिडवी बसली होती आणि मला हाक मारत होती, "ताई, ये नं वं. पाह्य, फुटलं." भुशाच्या तपकिरी पडलेल्या ठोकळ्यातून बोराएवढी टोपी वर आली होती. मी वाकून पाहिलं, छान आहे म्हणाले, तिच्या पाठीवर हातही ठेवला. मग हात धुवायच्या निमित्ताने बाहेर नळाशी गेले आणि बराच वेळ आत आलेच नाही.

हा विषय आधी माझा होता. आमच्याकडे धिंगरी मशरूम कोणीही लावतं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला काडीकचरा, भिजवायचं, त्यात मशरूमचं बी मिसळायचं, झालं. शिताकेला मात्र लाकूड लागतं आणि थंडी लागते. जपान-चीनकडचं हे मशरूम आपल्या झाडांच्या भुशावर येतं का, हे मला पीएचडीसाठी शोधायचं होतं. आरामशीनवरून भुशाची पोती आणायची, कोंडा मिसळून पिशव्या भरायच्या, वाफेवर निर्जंतुक करायच्या, बी घालून वाट पाहायची. सागाच्या भुशावर मशरूमचे पांढरे तंतू पुढे सरकतच नव्हते. आंब्याच्या भुशावर सरकले, पण हिरव्या बुरशीने पिशव्या गिळल्या. असे माझे उन्हाळे-हिवाळे गेले.

मग ती आली. भिवापूरकडची, मिरची लावणाऱ्या घरातली, माझ्याहून बरीच लहान. आमच्या गाईड सरांनी तिला माझ्या हाताखाली दिलं आणि मी तिला सगळं शिकवलं. काय काय बिघडलं तेही सांगितलं, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं. तिने ते सगळं नीट ऐकलं. सागाला हातच लावला नाही. आंब्याच्या भुशात बाभळीचा मिसळला आणि कोंडा निम्म्यावर आणला. कोंडा जास्त झाला की हिरवी बुरशी माजते, हे तिने माझ्याच फेकलेल्या पिशव्यांवरून ओळखलं होतं. त्या पिशव्या रोज माझ्याही डोळ्यांसमोर होत्या.

त्या सकाळनंतर सर खोलीत आले की आधी तिच्या रॅककडे जायचे. तिची भाड्याची खोली मनीषनगरात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. आई तिला रविवारी जेवायला बोलवायची आणि वाढता वाढता मशरूमची चौकशी करायची. माझ्या पिशव्यांबद्दल विचारणं आईने कधीच सोडलं होतं. ही पोरगी मिटक्या मारत जेवायची, आईला हसवायची, आणि मला तिचं जेवणंसुद्धा खुपायचं.

मे महिन्यात तिच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलं. ती धंतोलीच्या दवाखान्यात त्यांच्यापाशी होती आणि तिच्या पिशव्या माझ्या भरवशावर होत्या. एका दुपारी खोलीतला एसी बंद पडला. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. बाहेर ऊन असं की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजत होतं. जागा होती ती फक्त एका लहान थंड कपाटात, आणि त्यात एकीच्याच पिशव्या मावणार होत्या.

त्या वेळी माझ्या पिशव्या पहिल्यांदाच स्वच्छ निघाल्या होत्या. कोंडा मी तिच्याइतकाच घेतला होता, कोणाला न बोलता. तळापर्यंत दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. तिच्या मात्र पूर्ण तपकिरी होऊन तयार होत्या. गार पाण्यात बुडवल्या की त्यांना मशरूम फुटणार होते. कोणत्या वाचवायच्या हे शिकलेल्या माणसाला सरळ दिसत होतं. तरी मी आधी माझ्याच उचलल्या. दोन-चार आत ठेवल्याही. मग त्या बाहेर काढल्या आणि तिच्या लावल्या.

एसी सुरू होईपर्यंत माझ्या पिशव्या ओलसर, आंबूस झाल्या. आठवड्याभरात त्यांच्यावर हिरवं पसरलं. सरांनी सगळ्यांसमोर माझ्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक केलं. त्या कौतुकाने मला जास्तच राग आला, कारण मन मोठं नव्हतं. फक्त प्रयोग कळत होता.

ती दवाखान्यातून परतली, ती थेट खोलीत आली. माझा रिकामा रॅक पाहून उभीच राहिली. मग म्हणाली, "माह्या काहून ठेवल्या वं ताई?"

"तुझ्या तयार होत्या. माझ्या नव्हत्या."

तिने रिकाम्या फळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी तुह्या जागी असती नं, त माह्याच ठेवल्या असत्या. खोटं काहून बोलू."

आभार मानले असते तर मी ते झटकून टाकले असते. हे बोलणं झटकता येईना. इतकं खरं इतक्या सहज बोलता येतं, याचाही मला हेवा वाटला.

तिचं पीक भरघोस आलं. सरांनी माझा विषय थोडा वळवला: लागवड तिची, आणि आलेलं मशरूम वाळवणं, टिकवणं, त्याची पूड आहारात वापरणं माझ्याकडे. म्हणजे माझी पीएचडी तिच्या मशरूमवर. दर वेळी टोपली घेऊन मला तिच्याकडे जावं लागे. ती चांगली जाड, न उमललेली निवडून माझ्या टोपलीत घालायची आणि पसरट स्वतःच्या मोजमापाला ठेवायची. एकदा तरी तिने वाईट द्यावीत म्हणजे मला बोलता येईल, असं मला वाटायचं. तिने कधी दिली नाहीत.

माझं काम हळूहळू जमलं. उन्हात वाळवलेल्या शिताकेचा वास यंत्रात वाळवलेल्याहून वेगळा येतो, त्याचा रस्सा दाट लागतो. पूड घालून केलेली ज्वारीची बिस्किटं विभागातल्या लोकांनी मागून खाल्ली. आईनेही खाल्ली, आणि उरलेली त्या पोरीसाठी डब्यात भरून ठेवली.

तिच्या प्रबंधात एक वाक्य आहे: आधीच्या प्रयोगांत सागाचा भुसा अयोग्य आढळला. ते आधीचे प्रयोग माझे. मी ते वाक्य वाचलं तेव्हा दार लावून घेतलं होतं.

आता ती डोंगराळ थंड मुलखात नोकरीला आहे. तिथे एसी लागत नाही. परवा तिचा फोन आला. तिकडे ऊन पुरत नाही, मशरूम वाळताना काळं पडतं, काय करू, असं विचारत होती. मी लगेच सांगितलं नाही. आधी वडिलांची तब्येत विचारली, हवा विचारली, आणि पलीकडून ती वाट पाहते आहे हे ऐकत राहिले. मला फार बरं वाटत होतं.

मग सांगितलं. काप किती जाड घ्यायचे, आच किती हळू चढवायची, सगळं. ती मध्येच थांबवून पुन्हा विचारायची, लिहून घेत असावी. मी सावकाश सांगत राहिले.