थोरलीचा सल्ला

घरात लेखिका एकच, हे कधीचं ठरून गेलेलं होतं. थोरली जाऊ चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळायची आणि उरलेल्या वेळात कादंबरी लिहायची. लिहायची म्हणजे काय, लिहिलेलंच पुन्हा लिहायची. कादंबरी सुरू झाली तेव्हा पाळण्यात असलेली तिची लेक आता कॉलेजात जात होती, पण नायिकेचं लग्न काही जमत नव्हतं. सासरे तिला कौतुकानं लेखिकाबाई म्हणत, नवरा तेच नाव चिडवायला वापरी.

धाकटी लॉन्ड्रीत कामाला. तिनं एक दिवस पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून थोरलीपुढे ठेवला. गिऱ्हाईक नसलं की लिहीत होते, म्हणाली, कादंबरीच झालीये बहुतेक. आधी तुम्हीच वाचा, तुम्हाला यातलं कळतं.

थोरली हसली खरी, पण तिच्या पोटात दुखायला लागलं होतं. ती वाचायला बसली ती चुका काढायच्या हौसेनं. गॅसवरचं दूध उतू गेलं, भांडं करपलं, तरी बाई जागची हलली नाही. सगळ्यात सुंदर होतं पहिलं प्रकरण. बाप गेल्यावर मुलगी त्याच्या कोटाच्या खिशातलं एकेक काढून टेबलावर मांडते, एवढंच. एवढं आपल्याला एकदाही जमलेलं नाही, हे थोरलीला स्वच्छ कळलं आणि तिच्या अंगाचा तीळपापड झाला.

"पहिलं प्रकरण काढून टाक," तिनं सांगितलं. "नुसतं पाल्हाळ आहे."

पाल्हाळ हा शब्द एका प्रकाशकानं तिच्याच कादंबरीला लावला होता.

धाकटीचे डोळे भरून आले. पण ताई म्हणतात म्हणजे तसंच असणार. तिनं ते काढलं. मग दुसरं प्रकरण लंगडायला लागलं, म्हणून तेही नव्यानं लिहिलं, बापाला जागोजागी थोडा थोडा पेरला. कुठवर आलं गं, म्हणून थोरली रोज विचारायची. धाकटीला वाटे, केवढी ही आपुलकी.

करायला गेली काय आणि झालं काय. प्रकाशकानं पुस्तक घेतलं आणि कौतुक केलं ते नेमकं सुरुवातीचं. वाचक पहिल्या ओळीलाच गोष्टीत पडतो, म्हणाले, बाप कसा होता ते हळूहळू उलगडतं. हे सगळं ताईंमुळे, असं धाकटीनं घरभर सांगितलं. सासऱ्यांनी दोघींची पाठ थोपटली. थोरलीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शेवटी तिनं मनाशी हिशेब मांडला. माझ्या वाकड्या बोलण्यानं हिचं पुस्तक उभं राहिलं, तर हिच्या बोलण्यानं माझंही राहील. तिनं आपला जाडजूड गठ्ठा धाकटीच्या हातात दिला आणि बजावलं, अजिबात दयामाया दाखवू नकोस.

धाकटीनं सगळं वाचलं. गठ्ठा नीट बांधून परत आणला, आणि छान आहे म्हणाली.

"काढायचं काय?"

"काहीच नाही, ताई. असू द्या सगळं. किती मायेनं लिहिलंय तुम्ही."

थोरली तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. उसनं हसू, चोरटी नजर, बोलण्याआधी गिळलेला आवंढा. काय शोधायचं ते तिला पक्कं ठाऊक होतं, सगळं स्वतः केलेलं. यातलं काहीही सापडलं नाही. धाकटीला तिचा जराही हेवा वाटला नव्हता.