मुलाखतीत घेतलेलं नाव
ऊन दाखवायला जांभळी साडी काढली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी, ती नेसून गेले होते तो अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीचा दिवस आठवला. लेकीने शंभर प्रश्न माझ्याकडून पाठ करून घेतले होते, पण अधिकारी बाईंनी आधी नवऱ्याचं नाव विचारलं. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून मी गप्पच बसले. त्यांनी भुवया उंचावून पुन्हा विचारलं. आता अर्ज नाकारतील, या भीतीने मी डोळे मिटून नाव घेतलं. पुढचं सगळं नीट झालं, पास झाले. बाहेर बर्फात हे गाडी सुरू ठेवून बसले होते. मी घडलेलं सांगितलं, तर हेच लाजले. म्हणाले, "एकदा माझ्यासमोर म्हण की!" "इश्श, गाडी चालवा तुम्ही!" हे जाऊन दोन वर्षं झाली. आज साडी उन्हात पसरली आणि रिकाम्या घरात यांचं नाव मोठ्याने घेतलं.