टायगरने काय खाल्लं?

परवा आमच्या कुत्रीचं पोट बिघडलं म्हणून तिच्यासाठी पातळ पेज शिजवत होते. त्या वासासरशी मी थेट कुडाळजवळच्या माहेरच्या पडवीत जाऊन पोचले.

लहानपणीचा आमचा कुत्रा टायगर तिथे आडवा पडला होता. सकाळपासून उलट्या आणि जुलाब. पाणीसुद्धा पोटात टिकत नव्हतं. गुरांच्या डॉक्टरांनी सुई दिली आणि विचारलं, "आज काय खाल्लंय यानं?"

तो आमच्याकडे जेवायचा, तसाच दगडी गडग्याच्या कुंपणापलीकडे मोठ्या काकांकडेही. जमिनीच्या वादापासून बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते.

"तेंनीच कायतरी घातल्यानी आसतला," आई पुटपुटली.

बाबा उठले आणि गडग्याशी जाऊन उभे राहिले. "दादा, टायगरान तुझ्याकडे काय खाल्ल्यान?"

काका बाहेर आले. "सकाळची भाकरी. दुसरा काय नाय." मग म्हणाले, "मिया तेका काय वायट घालूक नाय रे."

"माका ठावक आसा," बाबा म्हणाले.

काका गडगा ओलांडून आले. त्यांनी टायगरचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाबा चमच्याने मीठसाखरेचं पाणी पाजत राहिले. संध्याकाळी त्याने शेपूट हलवली. दुखणं कशाचं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हा मी फक्त टायगरकडे बघत होते. आता बाबांचं ते उत्तर आठवतं. आईचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. खरं काय ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? पण भाऊ समोर उभा असताना ते क्षणभरही अडखळले नाहीत.