कोळशाविना आणलेल्या बरगड्या

पप्पांचा येशूवर पूर्ण विश्वास, पण मटणाच्या बाबतीत त्यांनी जोखीम कधी घेतली नाही. कच्चं मटण घरी आणायचं तर डब्यात वर कोळशाचा तुकडा ठेवायचा आणि वाटेत कुठेही थांबायचं नाही, हा त्यांच्या गावचा, पाचोडचा नियम. मांसाच्या वासाने कोणीतरी मागे लागतं म्हणे. अख्खी नोकरी शहरात, छावणीत झाली, चर्चमध्ये पहिलं बाक त्यांचं, पण कोळसा काही सुटला नाही. आम्ही मायलेकी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो.

आई गेली आणि पप्पांचं जेवणच सुटलं. हट्ट नाही, रुसवा नाही. घास तोंडात घ्यायचे आणि चावायचं विसरल्यासारखे बसून राहायचे. "भूकच नाय लागत बाळा," एवढंच म्हणायचे. सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांनी सांगून टाकलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मला रडूही यायचं आणि त्यांचा रागही यायचा. वरण, खिमट, सूप, सगळं करून झालं. शेवटी ठरवलं, बरगड्या करायच्या.

डुकराच्या बरगड्या म्हणजे आमच्या घरची नाताळची चैन. भाजायचे पप्पा आणि हादडायची आई.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर बरगड्या घेतल्या. रस्त्यात कोळसा कुठून आणणार, आणि कशाला? वाटेत कबरस्तान लागलं. आईला फुलं ठेवायची राहिली होती, म्हणून थांबले. स्कूटरच्या डिकीचं कुलूप धड लागत नाही आणि तिथे कुत्री फार, म्हणून डबाही सोबत आत नेला. फुलं ठेवली आणि सवयीने बोलून गेले, "आज बरगड्या आहेत, ये जेवायला."

घरी येऊन बरगड्यांच्या मागचा पातळ पापुद्रा सोलून काढला. आलं-लसूण, मीठ, व्हिनेगर चोळलं आणि जाड बुडाच्या टोपात झाकण घालून मंद आचेवर ठेवल्या. मांस हाडावरून सुटायला लागेपर्यंत इथे घाई चालत नाही. दुसऱ्या शेगडीवर सॉस: टोमॅटो, गूळ, चिंचेचा कोळ, भिजवलेल्या लाल मिरच्यांचं वाटण. चमच्याला चिकटेल इतका आटवला. मग अंगणात अर्ध्या कापलेल्या ड्रमची भट्टी पेटवली आणि सॉस लावत लावत बरगड्या भाजायला घेतल्या.

शेजारी मुसलमान कुटुंब, जुना घरोबा, म्हणून भट्टी आम्ही कायम त्यांच्यापासून लांबच्या भिंतीला लावतो. त्या दिवशी पानही हलत नव्हतं. तरी धूर वर जाईना. जमिनीलगत सरकत तो अंगण ओलांडून स्वयंपाकघराच्या दारात शिरला. मी पुठ्ठ्याने हाकलला, तर वळून पुन्हा तिकडेच. अंगावर काटा आला. भर दुपारी कसली भीती, म्हणून स्वतःवरच चिडले.

बरगड्या घेऊन आत आले तर पप्पा टेबलाशी येऊन बसले होते. न बोलावता. आईच्या खुर्चीत.

मी वाढलं. त्यांनी बरगडी उचलली ती डाव्या हाताने. डावखुरी आई होती, पप्पा नव्हेत. हाड चोखून साफ केलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं. मग दुसरं, त्याच्याशेजारी नीट लावून, आई लावायची तसं. मला दिसत होतं, कळतही होतं. पण माणूस जेवत होता! मी वाढत गेले. माझ्या वाटणीच्यासुद्धा वाढल्या.

"चिंच जरा जास्त झाली गं. पण छान जमलंय."

आवाज पप्पांचाच होता. पप्पांच्या तोंडून जन्मात कधी 'छान' निघालं नव्हतं.

शेवटची बरगडी संपल्यावर ते उठले, हात धुतले आणि खोलीत जाऊन आडवे झाले. हाडांकडे न बघता मी ताट उचललं. पण बरंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू. कसे का होईना, पोटात गेलं होतं.

थोड्या वेळाने पप्पा बाहेर आले. आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले आणि उजव्या हाताने पाण्याचा पेला पुढे ओढला.

"वास लई भारी येतोय गं. आज भूक लागली बघ मला. वाढ की."

"पप्पा, तुम्ही आत्ताच जेवलात."

"मी? मी तर आत्ता उठलो बाळा."

त्यांचे डोळे ताटाच्या जागेवर लागले होते. आई गेल्यापासून पहिल्यांदा ते जेवायला मागत होते. मी सॉसचं पातेलं आणलं, पावाच्या तुकड्याने तळ पुसला आणि तो त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी डोळे मिटून सावकाश चावला आणि गिळला.

"अजून हाय का?"

तिने काहीच ठेवलं नव्हतं.